बिथरणारा बॉल पायथन हाताळायचा कसा?

कोल्हापुरात साप हाताळायचा विषय निघाला की गाडी शिराळ्याच्या नागपंचमीवर जातेच. पण नाग, धामण, अजगर असा कुठलाही देशी साप घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. इथे बोलतोय ते मूळच्या आफ्रिकेतल्या, बिनविषारी बॉल पायथनबद्दल. त्याचीही नोंदणी केंद्राच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. कागद नसलेला साप स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका.

घरी आणल्यावर पहिला आठवडा हात लावायचा नाही. पाहुण्यांना दाखवायलासुद्धा नाही! पेटीत लपायला दोन जागा हव्यात, एक उबदार बाजूला (३१-३२ अंश) आणि एक थंड बाजूला (२६ च्या आसपास). सलग दोन-तीनदा नीट खाल्लं की मगच पुढे जा.

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री पारा १५ अंशांपर्यंत उतरतो. गारठलेला साप हातात निपचित पडून राहतो आणि लोक म्हणतात, 'माणसाळला बघा!' तो माणसाळलेला नसतो, आजारी पडायच्या वाटेवर असतो. आधी पेटीतलं तापमान राखणारा थर्मोस्टॅट तपासा.

हात साबणाने धुऊनच पेटी उघडा. रविवारी मटण धुतलेल्या हाताचा वास सापाला खाणं वाटू शकतो. कागदाच्या सुरळीने अंगाला मधोमध हलकेच स्पर्श करा, म्हणजे जेवणाची वेळ नाही हे त्याला कळतं. मग हात बाजूने न्या. वरून झडप येते ती घारीची, हे त्याच्या रक्तातच आहे. डोकं किंवा शेपूट न धरता पोटाखालून दोन्ही हातांनी उचला आणि त्याला हातावरून सरकू द्या.

सुरुवातीला पाच मिनिटं, आठवड्यातून दोन-तीनदा, एवढं पुरे. जीभ सावकाश आत-बाहेर होत असेल तर तो अंदाज घेतोय. मान इंग्रजी एस अक्षरासारखी वळली, फुसकारा आला, तर थांबा, हात हलवू नका. तो जरा शांत झाला की मगच पेटीत ठेवा. नाहीतर फुसकारलं की सुटका होते, एवढंच तो शिकेल.

सापाला कुत्र्यासारखा लळा लागत नाही, तुमच्या हाताची सवय होते. काहींना त्यासाठी महिने लागतात.

खाल्ल्यानंतर दोन दिवस उचलू नका, खाल्लेलं ओकतो. कात टाकण्याआधी डोळे दुधाळ-निळसर होतात. त्याला नीट दिसत नसतं, तेव्हाही नको.

चावलाच तर हात ओढू नका. दात आत वळलेले असतात, ओढलं की कातडी फाटते आणि त्याचे दातही तुटतात. सहसा तो लगेच सोडतो. धरूनच बसला तर तोंडाजवळ थंड पाणी सोडा. जखम साबणाने धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं नसेल तर डॉक्टरांकडे जा. एरवीही साप पेटीत परत ठेवल्यावर हात धुवायचेच, पोट बिघडवणारे साल्मोनेलाचे जंतू त्याच्या अंगावर असू शकतात.