सोन्याचे नॅनोकण निळे पडत होते, ते कसं थांबवलं

पीएचडीत सेन्सरसाठी २० नॅनोमीटरच्या सोन्याच्या कणांवर अँटीबॉडी (ठरावीक रेणू ओळखून पकडणारं प्रोटीन) बसवायची होती, पण ती टाकली की लालभडक सोल्युशन दोन मिनिटांत जांभळं मग निळं, आणि ५२० नॅनोमीटरजवळचा पीक (प्रकाश शोषणाच्या आलेखातला उंचवटा) पसरून सपाट! तीन आठवडे मी अँटीबॉडीलाच दोष देत होते, अगदी रडकुंडीला आलेले. कारण निघालं मीठ. अँटीबॉडी पीबीएसमध्ये (खारट बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) होती, त्यातलं मीठ कणांवरच्या सायट्रेटचा (कणांना सुटं ठेवणारा थर) निगेटिव्ह चार्ज झाकतं, कण एकमेकांना चिकटतात आणि रंग निळा होतो. मग डायलिसिस करून (बारीक छिद्रांच्या पडद्यातून मीठ बाहेर जाऊ देऊन) अँटीबॉडी कमी मिठाच्या बफरमध्ये आणली, कणांचा पीएच पोटॅशियम कार्बोनेटने ९ च्या आसपास नेला, अँटीबॉडी टाकली, अर्ध्या तासाने बीएसए (कणांवरच्या उरलेल्या मोकळ्या जागा झाकणारं प्रोटीन), आणि मीठ सगळ्यात शेवटी. रंग लालच राहिला, पीक ४ नॅनोमीटर सरकला, म्हणजे अँटीबॉडी बसली! आधी थोड्याशाच कणांवर अँटीबॉडी बसवून मग मीठ टाकून बघा, महागडी अँटीबॉडी वाचते.