सेप्टिक टँक ‘भरली’? उपसण्याआधी या चुका टाळा

“टाकी भरलीय, गाडी बोलवा.” संडास तुंबला की पहिलं वाक्य हेच. पण चालू सेप्टिक टँक कायम भरलेलीच असते. घरातून जेवढं पाणी येतं तेवढंच पलीकडून बाहेर पडतं. बघायचं एवढंच, की पाणी कुठपर्यंत आहे.

झाकण सरकवून आउटलेट पाइपचा (पाणी बाहेर नेणाऱ्या) तळ शोधा. पाणी बरोबर तिथवर आहे आणि तरी घरात तुंबतंय? मग घर ते टाकी ही लाइन चोकअप आहे. पाणी पाइपच्या वर चढलं असेल, तर आउटलेट तुंबलाय किंवा शोषखड्ड्यानं (टाकीतून निघालेलं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यानं) पाणी पिणं सोडलंय. अशा वेळी नुसतं उपसून चार दिवस बरे जातात, पुन्हा तेच. पाणी खाली असलं की लोक खूश होतात, ‘अजून जागा आहे’ म्हणून. नुकतीच उपसली नसेल, तर ती टाकी गळतेय.

बॅटरी बाजूनं मारा, तोंड आत घालू नका. आत उतरणं तर नाहीच, पडलेली वस्तू काढायलाही नाही. टाकीतल्या हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूनं नाकच बधिर होतं, त्यामुळे ‘वास येत नाही’ याला काही अर्थ नाही.

गळतीचं मूळ बहुधा बांधकामात असतं: तळाला काँक्रीट नाही, आतून प्लास्टर अर्धवट. नवी टाकी आउटलेटपर्यंत पाण्यानं भरा, एक दिवस भिंतींना पिऊ द्या, पुन्हा भरा आणि पुढचे २४ तास पातळीवर खूण करून ठेवा. माती ढकलायची ती त्यानंतर.

तयार टाकी उलट्या तोंडानं बसवणारेही असतात! आउटलेट इनलेटपेक्षा ५ ते ७.५ सेंमी खाली हवा. दोन्हीकडे ‘टी’ (T आकाराचा पाइपचा तुकडा) लागतो. आउटलेटच्या टीचा पाय वर तरंगणाऱ्या सायीच्या बराच खाली बुडाला पाहिजे, नाहीतर तीच साय शोषखड्ड्यात जाऊन त्याची छिद्रं बुजवते. छताचं पावसाचं पाणी टाकीत सोडलं तरी तेच होतं, गाळ ढवळून पुढे जातो.

आता उपसायचं कधी? लांब काठीला पांढरं फडकं गुंडाळा, तळाला टेकवून काही मिनिटं धरा. काळा डाग जितका वर, तितका गाळ. गाळ आणि साय मिळून पाण्याच्या खोलीचा एक तृतीयांश भाग झाला, की मग बोलवा गाडी.