लेकराचा खोकला ऐकत बसू नका, श्वास मोजा

घरात लहान लेकरू खोकायला लागलं की जो तो त्या खोकल्यावरच बोलतो, आजी म्हणणार कफ झालाय, शेजारच्या काकू म्हणणार छाती भरलीय, आणि आपण फ्रिजवर ठेवलेली मागच्या वेळची सिरपची बाटली शोधतो. मीपण पहिल्या पोराच्या वेळी हेच केलं. खोकल्याचा आवाज कितीही मोठा असू दे, दुखणं छातीत उतरलंय का ते त्यावरून समजत नाही, ते बघायचं तर श्वास बघा.

बाळ शांत असताना, झोपलेलं असेल तर बेस्टच, अंगातलं झबलं वर करा, लाईट लावा आणि मोबाईलवर एक मिनिटाचा टायमर लावून पोट वर आलं की एक असं मोजत जा. रडताना किंवा दूध पिताना मोजू नका. आणि पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचा शॉर्टकटपण नको, लहान बाळं मधेच भराभर श्वास घेतात मधेच हळू, त्यामुळे अख्खं मिनिटच मोजायचं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आतलं असेल तर ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांचं असेल तर ४० किंवा जास्त आले म्हणजे श्वास जलद आहे, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

मोजताना बरगड्यांच्या खालीपण नजर ठेवा, श्वास घेताना तिथे खड्डा पडतोय का. तसं दिसलं, बाळ कण्हतंय, ओठ निळसर झालेत, दूध ओढत नाही, सगळं उलटून टाकतंय, झटका आला किंवा उठवूनही उठत नाही, यातलं एक जरी झालं तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप आला तरी लगेच दाखवायचं.

हे काही नसेल तर घरी करण्यासारखं खरंतर थोडंच आहे. छोटी बाळं सहसा नाकानेच श्वास घेतात, नाक चोंदलं की दूध सुटतं, म्हणून पाजायच्या थोडं आधी मेडिकलमध्ये नाकासाठी मिळणाऱ्या सलाईनचे दोन-दोन थेंब नाकात सोडा आणि दूध थोडं थोडं पण जास्त वेळा पाजा. वर्षाच्या पुढच्या मुलाला झोपताना अर्धा चमचा मध चालतो, वर्षाच्या आत मध अजिबात नाही, चाटणसुद्धा नाही.

तापाच्या औषधात मात्र लोक फार गोंधळतात. पॅरासिटामॉल वयावर नाही, वजनावर देतात, किलोला साधारण १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर आणि दिवसात चारच्या वर नाही. आता ८ किलोचं बाळ धरा, त्याला १२० मिलिग्रॅम लागतं, म्हणजे १२०च्या सिरपचे (५ एमएलमध्ये १२० मिलिग्रॅम असलेलं) ५ एमएल, २५०च्या सिरपचे (५ एमएलमध्ये २५० असलेलं) २.४ एमएल, आणि थेंबाच्या बाटलीत एका एमएलमध्येच १०० असतं म्हणून तिचे फक्त १.२ एमएल. थेंबाच्या बाटलीतून चमचाभर दिलं तर चौपट डोस गेला! बाटली वाचा, एकदा डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद फ्रिजवर चिकटवा.

खोकल्याचं सिरप नको. मध्य प्रदेशात सिरपमुळे मुलं गेली त्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रानेच राज्यांना कळवलं की दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याची औषधं द्यायचीच नाहीत आणि पाच वर्षांखाली सहसा नकोतच. नाकात तेल नको, ते फुफ्फुसात जाऊ शकतं. कापूर नको, चुकून पोटात गेला तर झटके येतात. ओव्याची धुरी आजीला कितीही प्रिय असली तरी शेवटी तो धूरच, दुखऱ्या छातीला वर अजून धूर कशाला, आणि गरम पाण्याच्या पातेल्यावर पोराला धरून वाफ देताना भाजल्याच्या केसेस होतात.

राहिलेली अँटिबायोटिक मनाने चालू करू नका, साध्या व्हायरल सर्दीवर ती चालतच नाही. आणि पोरगं खेळतंय, खातंय, श्वास नीट आहे तर खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळला तरी चालतं, त्याच्यापुढे गेला तर दाखवून या.