लाटा मोजायच्या त्या अशा

अकरावीच्या पोरांना तरंगांचा धडा मी फळ्यावर सुरू करत नाही. गोव्यातला हरमल नाहीतर केरीचा किनारा गाठायचा, ओहोटी धरून. पावसाळ्यात मोजणी वाळूवरूनच करा, पाण्यात उतरू नका.

लाटा फुटतात त्याच्या पलीकडे तरंगणारं काहीतरी हेरा. सुटा नारळ दिसला तर उत्तम. लाट त्याच्या खालून किनाऱ्याकडे निघून जाते. नारळ वर-खाली, किंचित पुढे-मागे होतो आणि जवळपास तिथंच राहतो. पुढे गेली ती ऊर्जा, पाणी नव्हे. हे डोळ्यांना पटलं की उरतं ते गणित.

माथा नारळाखाली आला की घड्याळ सुरू करा आणि ‘शून्य’ म्हणा. ‘एक’ नव्हे! निम्मा वर्ग इथंच घसरतो. दहा म्हणताच थांबवा. लाटा एकसारख्या येत नाहीत, म्हणून तीनदा मोजून सरासरी घ्या. समजा 80 सेकंद आले, तर आवर्तकाल, म्हणजे एका लाटेला लागलेला वेळ, 8 सेकंद; वारंवारता, म्हणजे सेकंदाला किती लाटा, 0.125 हर्ट्झ. माथा ते माथा अंतर ही तरंगलांबी. आयाम मोजायचा तो शांत पातळीपासून माथ्यापर्यंत; खळग्यापासून मोजलात तर दुप्पट येईल.

वेग म्हणजे वारंवारता गुणिले तरंगलांबी. उथळ पाण्यात तो खोलीवर ठरतो: गुरुत्व त्वरण गुणिले खोली, त्याचं वर्गमूळ. पाग (फेकायचं जाळं) टाकणारा कमरेएवढ्या पाण्यात उभा असेल, तिथं खोली 1 मीटर धरा. वेग सेकंदाला 3.1 मीटर, तरंगलांबी सुमारे 25 मीटर. हीच लाट खोल समुद्रात 100 मीटर लांब होती आणि सेकंदाला साडेबारा मीटर धावत होती. किनाऱ्याशी वेग घटला, लांबी आखडली, उंची वाढली. 8 सेकंद मात्र तेच, कारण वारंवारता उगमाकडून येते, माध्यम ती बदलत नाही. प्रकाश काचेत शिरतो तिथंही हेच.

आता प्रकार. काथ्याची दोरी खिडकीच्या गजाला बांधून झटका द्या: दोरी तरंगाच्या दिशेला काटकोनात हलते, हा अवतरंग. घुमट या मातीच्या वाद्यावर थाप मारा: हवेचे कण तरंगाच्याच दिशेत मागे-पुढे होतात, हा अनुतरंग, सेकंदाला साधारण 345 मीटर. समुद्राच्या लाटेत पाण्याचे कण गोल फिरतात, म्हणजे दोन्ही एकत्र. ‘पाण्यावरचे तरंग अवतरंग’ हे छापील उत्तर मला अर्धवट वाटतं. प्रकाश आणि रेडिओ यांना माध्यम लागतच नाही. वेग सेकंदाला 3 लाख किलोमीटर धरून 100 मेगाहर्ट्झ एफएमची तरंगलांबी काढा. 3 मीटर यायला हवी.