तालुक्याच्या हॉस्पिटलात ऑब्झर्वेशन वॉर्ड सुरू करायचाय? आधी हे वाचा

मी इनचार्ज सिस्टर आहे, कॅज्युअल्टी (तातडीचे पेशंट बघायचा विभाग) आणि तिच्या शेजारचा ऑब्झर्वेशन वॉर्ड दोन्ही बघते. ओळखीतल्या २-३ हॉस्पिटलवाल्यांनी विचारलं की आम्हालाही ६ कॉटचा असा वॉर्ड करायचाय, काय काय लागेल, म्हणून सगळं एकदाच लिहून काढतेय. यंत्रांची यादी सगळेच मागतात पण ती सर्वात शेवटची गोष्ट आहे खरं तर.

आधी हा वॉर्ड कशासाठी ते पक्कं करा. कॅज्युअल्टीत आलेला पेशंट घरी सोडायची छाती होत नाही आणि ॲडमिट करावा इतकंही काही सापडत नाही, अशांसाठी हा वॉर्ड. छातीत दुखून आलाय पण पहिला ईसीजी नॉर्मल, शेतात काहीतरी चावलंय पण साप दिसला नाही, गाडीवरून पडलाय आणि एकदा उलटी झालीय. इथे उत्तर वेळेनेच मिळतं, ६ तास, १२ तास, फार तर २४. म्हणून आमच्याकडे नियम असा की केसपेपरवर डॉक्टरांनी दोन गोष्टी लिहिल्याशिवाय पेशंट आत घ्यायचाच नाही, आपण नेमका कोणता प्रश्न सोडवतोय आणि उत्तर किती वाजेपर्यंत हवंय. नुसतं "ऑब्झर्व्ह करा" लिहिलेला पेपर मी परत पाठवते, डॉक्टर कितीही सिनियर असोत. सुरुवातीला वाईट वाटायचं पण हे केलं नाही तर काय होतं ते मी आधीच्या एका ठिकाणी बघितलंय, ज्यांचा निर्णय कोणी घेत नाही असे सगळे पेशंट तिथे आणून ठेवलेले असायचे, ३-३ दिवस, आणि त्यांच्याकडे कोणाचंच लक्ष नाही कारण प्रत्येकाला वाटायचं दुसरा कोणीतरी बघतोय.

किती कॉट लागतील याचा हिशोब सोपा आहे. दिवसाला असे किती पेशंट येतात ते महिनाभर कॅज्युअल्टी रजिस्टरमधून मोजा, सरासरी किती तास थांबतात त्याने गुणा आणि २४ ने भागा. समजा ८ पेशंट येतात आणि १४ तास थांबतात, तर ११२ भागिले २४, म्हणजे ५ च्या आत, वर एखादी जादा धरून ६ कॉट पुरतात. जास्त कॉट टाकू नका, रिकामी कॉट दिसली की जनरल वॉर्डचे पेशंट तिथे सरकवले जातात आणि मग परत निघत नाहीत.

जागा कॅज्युअल्टीला लागूनच हवी आणि सिस्टरच्या टेबलावरून सगळे चेहरे दिसले पाहिजेत, पॅसेजच्या टोकाची खोली मोकळी आहे म्हणून ती घेऊ नका. संडासाचं दार बाहेर उघडणारं आणि कडी बाहेरूनही काढता येईल अशी करून घ्या, पेशंट आत चक्कर येऊन पडला की आत उघडणारं दार त्याच्याच अंगामुळे उघडत नाही. भिंतीवर सेकंद काटा असलेलं मोठं घड्याळ लावा. इन्व्हर्टरवर निदान मॉनिटर, सक्शन (घशातला चिकटा ओढायचं मशीन) आणि एक दिवा असू दे. ऑक्सिजनची लाईन नसेल तर सिलिंडरचं गणित सगळ्या स्टाफला पाठ हवं, बी टाईप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर असतो, मिनिटाला ५ लिटर चालू असेल तर ५ तासात संपला, म्हणजे रात्री १० ला लावलेला पहाटे ३ ला संपणार, आणि सिलिंडर बदलायला मामा (वॉर्डबॉय) कुठे झोपलेत ते तेव्हा शोधायचं नाही. कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन) असला तरी लाईट गेली की तो बंद, त्यामुळे एक भरलेला सिलिंडर कायम उभा पाहिजे.

बाकी सामान: एक-दोन मल्टीपॅरा मॉनिटर (पल्स, बीपी, ऑक्सिजन एकत्र दाखवणारा), ईसीजी मशीन, ग्लुकोमीटर, नेब्युलायझर, मोठ्यांची आणि लहान मुलांची अशा दोन्ही अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी), लॅरिंगोस्कोप (श्वासाची नळी घालताना घसा बघायचं अवजार) आणि त्याचे चालू सेल, इमर्जन्सी ट्रे. ट्रे प्रत्येक ड्युटी बदलताना दोघींनी मिळून बघायचा, सही करायची. नाग, घोणस कुठलाही साप असो, इंजेक्शन एकच असतं, त्या सापाच्या विषावरच्या इंजेक्शनच्या किती व्हायल (बाटल्या) शिल्लक आहेत तो आकडा बोर्डवर लिहिलेला असावा, कारण विषबाधा दिसली तर सुरुवातच साधारण १० व्हायलने होते आणि फ्रीजमध्ये ४ निघाल्या तर ते तेव्हा कळून उपयोग नाही.

आता मुख्य काम, बघत राहणं. पल्स, बीपी, ताप, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) सगळे लिहितात, पण श्वास मोजत नाही कोणी. कुठलाही चार्ट उघडून बघा, श्वास २०, २०, २०, सगळ्यांचा सारखाच. पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा आधी श्वास वाढतो, बीपी नंतर पडतं, म्हणून घड्याळाकडे बघून पूर्ण १ मिनिट मोजायचा, पेशंटला न सांगता, नाडीवर हात तसाच ठेवून. हे मी नव्या मुलींना पहिल्या दिवशी शिकवते. आम्ही ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा न्यूज-२ स्कोअर (पेशंट किती बिघडलाय ते आकड्यात सांगणारा) वापरतो, २०१७ सालचा सुधारित तक्ता, श्वास, सॅच्युरेशन, ऑक्सिजन चालू आहे का, बीपी, पल्स, पेशंट किती शुद्धीवर आहे ते आणि ताप यांना मार्क देऊन बेरीज करायची. ५ झाले की डॉक्टरांना लगेच बोलवायचं, ७ झाले की पेशंट आता या वॉर्डचा राहिला नाही, आयसीयू किंवा रेफर. एकाच गोष्टीत ३ मार्क असले तरी डॉक्टरांना कळवायचं. याचा मोठा फायदा म्हणजे रात्री २ वाजता डॉक्टरांना उठवताना सिस्टरला "मला पेशंट बरा वाटत नाहीये" असं घाबरत सांगावं लागत नाही, आकडा सांगायचा. हा तक्ता मोठ्यांसाठी आहे, १६ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बाईला लावू नका.

पण स्कोअरवर सगळं सोडूनही चालत नाही, प्रत्येक तक्रारीला आपापलं बघणं असतं. साप चावल्याची शंका असेल तर लक्षणं नसली तरी पूर्ण २४ तास. मण्यार रात्री झोपेत चावते, दुखतही नाही, जखमही दिसत नाही, आणि काही तासांनी पापण्या जड व्हायला लागतात. म्हणून दर फेरीला वर बघायला सांगायचं, मान उचलायला सांगायची आणि एका श्वासात किती आकडे मोजता येतात ते लिहायचं, मघाशी ३० पर्यंत गेलेला माणूस आता १८ वर अडकला तर तिथेच धावपळ सुरू. घोणस आणि फुरसं यांच्या विषाने रक्त गोठत नाही, त्यासाठी २० मिनिटांची रक्त गोठायची टेस्ट, कोरड्या स्वच्छ काचेच्या ट्यूबमध्ये २ मिली रक्त, २० मिनिटं हलवायचं नाही, मग आडवी करून बघायची. ट्यूब साबणाने धुतलेली नको, प्लास्टिकची तर नकोच, रिझल्ट चुकतो. पहिली नॉर्मल आली की लोक थांबतात, तसं नाही, पहिले ३ तास दर अर्ध्या तासाने आणि मग तासातासाने परत करायची.

विंचवाचं कोकणातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. नुसतं दुखत असेल, बोंबलत असेल तर तितकी काळजी नाही, पण घाम, उलट्या, तोंडाला पाणी सुटणं, हातपाय गार पडणं यातलं काही दिसलं की लगेच डॉक्टर. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचवाच्या विषावर प्राझोसिनची गोळी चालते हे दाखवून दिलं त्यानंतर किती मुलं वाचली असतील. पण ती गोळी दिल्यावर मुलाला आडवंच ठेवायचं, आई उचलून कडेवर घेते आणि बीपी एकदम पडतं, म्हणून आईला समोर बसून नीट समजावून सांगा.

डोक्याला मार असेल तर शुद्धीवर आहे का ते आणि डोळ्यांच्या बाहुल्या बघायच्या, पूर्ण शुद्धीवर असला तरी पहिले २ तास दर अर्ध्या तासाने, पुढचे ४ तास दर तासाला, मग २-२ तासांनी. "झोपलाय, कशाला उठवता" असं नातेवाईक म्हणतात, उठवायचंच. छातीत दुखणाऱ्याचा पहिला ईसीजी पेशंट आल्यापासून १० मिनिटांत, दुखणं परत आलं की परत ईसीजी, आणि ट्रोपोनिन (हार्ट अटॅकची रक्ततपासणी) एकदा निगेटिव्ह आला म्हणून सोडायचा नाही, काही तासांनी दुसरा करायचाच.

कोणाला घ्यायचं नाही तेही दारावर लिहून ठेवा. फवारणीचं औषध पोटात गेलेला पेशंट इथे नको, तो पहिल्या दिवशी ॲट्रोपिनवर (त्या विषावरचं इंजेक्शन) सुधारलेला दिसतो आणि १ ते ४ दिवसांत मान टाकतो, श्वास थांबतो. डेंग्यूत पोटात दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतंय असा असेल तर सरळ ॲडमिट, कारण डेंग्यूत धोका ताप उतरायला लागतो तेव्हाच सुरू होतो आणि घरच्यांना वाटतं बरा झाला.

६ कॉटला प्रत्येक ड्युटीला एक सिस्टर आणि एक मामा किंवा मावशी, आणि ती सिस्टर कॅज्युअल्टीत मदतीला ओढायची नाही, हे मॅनेजमेंटकडून लेखी घ्या. ओव्हर (पुढच्या ड्युटीला पेशंटची माहिती) देताना टेबलावर बसून नाही, कॉटजवळ उभं राहून. बोर्डवर कॉट नंबर, आला कधी, प्रश्न काय, पुढचं चेकिंग किती वाजता, निर्णय किती वाजता आणि कोण घेणार. पेशंटचं नाव किंवा विष, असलं काही बोर्डवर नको, गाव छोटं असतं.

पैशाचं आणि कागदाचं. मेडिक्लेमला बहुतेक वेळा सलग २४ तास ॲडमिशन लागतं, त्यामुळे "सिस्टर अजून ४ तास ठेवा ना" ही विनंती रोज येते. ठेवायचं नाही. त्यापेक्षा आत घेतानाच स्पष्ट सांगा की काही निघालं नाही तर २४ तासांच्या आत सोडू, क्लेम बसेलच असं नाही. अपघात, विषबाधा, साप यांची एमएलसी (पोलिसांना कळवायची केस) नोंद करून पोलिसांना कळवायचं, पण उपचार आधी, सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच हे स्पष्ट केलंय. साप चावलेल्याची नोंद नीट करा, शेतकरी कुटुंबाला पुढे सरकारी मदत मागताना हेच कागद लागतात.

महिन्याच्या शेवटी रजिस्टर घेऊन बसा, किती आले, किती घरी गेले, किती ॲडमिट किंवा रेफर झाले, कोण २४ तासांच्या पुढे राहिला आणि का, घरी सोडलेला कोण ३ दिवसांत परत आला. माझ्या मते १० मधले ७-८ घरी जावेत. दहाच्या दहा घरी जात असतील तर ओपीडीतून सोडण्यासारखे लोक आपण उगाच अडकवतोय, आणि निम्मे ॲडमिट किंवा रेफर होत असतील तर जास्त आजारी माणसं चुकीच्या जागी ठेवतोय.

सुट्टी देताना चिठ्ठी मराठीत, मोठ्या अक्षरात, काय झालं तर परत यायचं ते लिहून, आणि ती नातेवाईकाकडून वाचून घ्यायची, नुसती हातात द्यायची नाही. जवळ माणूस कोण आहे, गाडी आहे का, नसेल तर १०८ माहीत आहे का हेही विचारा. मग दुसऱ्या दिवशी सकाळी ११ च्या आत प्रत्येकाला एक फोन, कसं वाटतंय, रात्री झोप लागली का, उलटी झाली का. फोन लागला नाही तर गावातल्या आशाताईंना लावायचा, त्यांचे नंबर आम्ही गाववार लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवलेत.