पाणी नितळ, तरी गप्पी गुदमरत होते

लेकीच्या हट्टापायी माशांसाठी ४० लिटरची काचेची टाकी आणली आणि त्याच संध्याकाळी आठ गप्पी सोडले. चौथ्या दिवशी दोन गेले. उरलेले वर येऊन तोंडाची उघडझाप करत होते, कल्ले लालभडक. पाणी मात्र काचेसारखं, म्हणून मी आपला हवेच्या पंपालाच दोष देत बसलो.

शेवटी पाणी तपासायचं किट आणलं. त्याच्या नळीत पाणी पिवळं राहायला हवं, ते हिरवं झालं. अमोनिया, म्हणजे माशांना विषच! मासे तो सोडतच असतात, कुजलेल्या दाण्यांतूनही होतो. तो पचवणारे जिवाणू नव्या टाकीत पुरेसे वाढायला चार-सहा आठवडे लागतात. त्यात मी फिल्टरचा स्पंज दर दोन दिवसांनी नळाखाली घासून धूत होतो. स्वच्छतेची हौस! होते नव्हते तेही जिवाणू क्लोरीनने गेले असणार.

मग रोज पाव टाकी पाणी बदललं, क्लोरीन घालवणारे थेंब टाकून. दाणे दिवसाआड, चिमूटभर. मित्राच्या जुन्या टाकीतला मळका स्पंज आणून आमच्या फिल्टरमध्ये कोंबला. त्यात ते जिवाणू आधीच मुरलेले, खरा गुण त्याचाच. मधे नायट्राइट (जिवाणू अमोनियाचं जे करतात ते, तेही माशांना घातक) वाढलं, पण पाणी बदलणं सोडलं नाही. तिसऱ्या आठवड्यात दोन्ही शून्यावर. सहा गप्पी टिकले, आता पिल्लंही झालीत.