वळवाचं वादळ येतंय, तुम्ही काठावर अन् शिडाची होडी पाण्यात नांगरलेली आहे, मग काय करायचं?

पहिलं होडीकडं जायचं का नाही ते ठरवा. एप्रिल-मेमधे नाथसागरावर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या पाण्यावर, दुपारनंतर उकाडा वाढतो, वारं पडतं आणि मग एकदम गार झोत येतो. ढगातली गार हवा खाली आदळून पुढं पळत येते, म्हणून वारं पावसाच्या आधी पोचतं अन् दिशाही बदलतं. तो झोत अंगाला लागला तर काठावरच थांबा. वीज चमकल्यापासून आवाजापर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदाला एक किलोमीटर, तीस सेकंदाच्या आत गडगडलं तर पाण्यात जायचंच नाही, शिडाची काठी सगळ्यात उंच असते राव. विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप बघत जा, पण ॲप गप्प आहे म्हणून आभाळाकडं दुर्लक्ष नको.

वेळ असेल तर लाईफ जॅकेट घालून छोट्या होडक्यानं निघा. होडीच्या नाकाकडं, म्हणजे पुढच्या टोकाकडं, सरळ जाऊ नका, वारं तुम्हाला नांगराच्या दोरावर नेऊन आदळतं. वाऱ्याच्या वरच्या अंगानं थोडं लांबून जायचं, मग बाजूनं मागच्या भागाकडं हळूच खाली यायचं अन् बसूनच कड धरायची, उभं राहिलात की संपलं.

वर चढल्यावर आधी शीड उतरवून घट्ट बांधा, मग नांगराचा दोर अजून लांब सोडा. इथंच बहुतेकांचं चुकतं, लोकं दोर आखडता ठेवतात. खोली दहा फूट, नाक पाण्यापासून तीन फूट वर, म्हणजे तेरा, त्याच्या सातपट म्हणजे एक्याण्णव फूट दोर पाहिजे. दोर लांब असला की ओढ आडवी पडते अन् नांगर गाळात रुततो, आखूड दोर त्याला वर उपटतो. पण मागं खडक किंवा दुसऱ्याची होडी असेल तर तेवढी जागा आहे का बघा. दोर कायम नाकालाच बांधायचा, मागून बांधला तर लाटा आत येतात, आणि कडेला घासतो तिथं जुनं गोणपाट गुंडाळा.

आता दोरावर हात ठेवा. एकसारखा ताण लागला तर ठीक, थरथर-गचके लागले तर नांगर घसरतोय. खात्रीसाठी काठावरची बाभूळ अन् मागचा लाईटीचा खांब एका रेषेत धरून बघा, रेष फाकत गेली तर अजून दोर सोडा.

एवढं झालं की लगेच काठावर या, झाडाखाली नाही, पक्क्या घरात नायतर गाडीत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. उन्हाळ्यात पाणी मागं सरकून गाळपेर, म्हणजे पाण्याखालची गाळाची जमीन, उघडी पडते, पावसाळ्यात धरण भरतं, त्यामुळं दोराचा हिशोब दर महिन्याला नव्यानं करा.